सँक्शन झालं म्हणजे नक्की काय झालं?

द्राक्षवाली, पिंपळगाव बसवंत

आमच्या घरात गेल्या मार्चपासून एका इंग्रजी शब्दावरून वाद चालू आहे. इथे भाषेतली जाणती माणसं आहेत म्हणून विचारते.

आमचं छोटं पॅकहाऊस आहे. कागदपत्रं, मेल, बँक हे सगळं माझ्याकडे. डिसेंबरात बँकेचं सँक्शन लेटर आलं. माल बाहेर पाठवण्याआधी जे पॅकिंग क्रेडिट नावाचं कर्ज मिळतं, त्याचं. आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते पत्र देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि पोराला पेढे आणायला पिटाळलं. आण्णा सातवीपर्यंत शिकलेत, पण हा शब्द त्यांचा पाठ आहे. सोसायटीचं पीककर्ज सँक्शन, शेततळ्याचं अनुदान सँक्शन, मोटारीचं कनेक्शन सँक्शन. या शब्दाने त्यांच्याकडे कधी वाईट बातमी आणलेली नाही. उशिरा आणली असेल, वाईट नाही.

मार्चमध्ये थॉमसन जातीच्या द्राक्षांचे दोन कंटेनर रशियाला गेले. पहिल्याचे पैसे आले. दुसऱ्याचे येईनात. पाच-सहा मेल टाकल्यावर तिकडून एका ओळीचं उत्तर आलं: ‘अवर बँक हॅज बीन सँक्शन्ड.’ सकाळचा चहा चालला होता, मी ते मोठ्याने वाचलं. आण्णा कपबशी खाली ठेवून म्हणाले, “मग झालं की! त्यांचंबी सँक्शन झालं. आता सोडा म्हणावं पैसे.”

मी आधी हसले. मग समजवायला बसले आणि माझंच घोडं अडलं. निर्बंध लादलेत हे मला कळत होतं, बातम्यांत ऐकलेलं होतं. पण डिसेंबरात ज्या शब्दाला हळदकुंकू वाहिलं, तोच मार्चमध्ये पैसे कसा अडकवतो, हे सांगता येईना. यांचं म्हणणं की हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग सारखं, जसा आपला झाडाचा ‘पाला’ आणि गावाचं ‘पाली’. (उदाहरण यांचंच, मी जबाबदार नाही.) नणंदेचं म्हणणं की शब्द एकच. आण्णांचं म्हणणं की इंग्रजांनी मुद्दाम केलंय, कागद दोन्हीकडून वाचता यावा म्हणून.

तर शब्द एक की दोन? मंजुरी आधी की बंदी आधी? आणि पुढच्या वेळी मेल वाचताना ओळखायचं कसं? मराठीत असा दुतोंडी शब्द असेल तर तोही सांगा, म्हणजे आण्णांना पटेल.

---

सातारी तर्री

सोप्पं आहे. आपल्या ‘सनद’वरून गेलाय. सनद – सँद – सँक्शन. वकिलाला सनद मिळते ती मंजुरी, आणि सनद काढून घेतली की झाली शिक्षा. इंग्रज इथून काय काय घेऊन गेले, त्यात हेही.

---

फॉरेक्सचा हमाल

ताई, मूळ बिळ मला ठाऊक नाही. परकी चलनाच्या विभागात अठरा वर्षं काढलीत, ओळखायचं कसं तेवढं सांगतो.

कशाला सँक्शन केलंय ते बघायचं. कर्ज, रजा, नकाशा, पद, खर्च असली वस्तू किंवा काम असेल तर मंजुरी. माणूस, कंपनी, बँक, जहाज, देश असेल तर निर्बंध. ‘लोन सँक्शन्ड’ आलं की पेढे, ‘बँक सँक्शन्ड’ आलं की डोक्याला हात. नाम असेल तर अनेकवचनाकडे लक्ष ठेवा. ‘सँक्शन्स’ दिसलं आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ आलं की नव्याण्णव टक्के निर्बंधच. कसला तरी ‘गव्हर्न्मेंट सँक्शन्ड’ कार्यक्रम म्हटलं तर तो सरकारच्या संमतीने चाललाय. माझ्याकडे एकदा नवीन पोरगा आला होता. त्याने निर्बंधांच्या यादीतल्या एका जहाजासमोर ‘सँक्शन्ड, सो ओके’ असा शेरा मारला. बिचारा गृहकर्ज विभागातून आला होता.

आता जास्त महत्त्वाचं. तुमचा खरेदीदार उद्या म्हणेल, माझा दुबईतला मित्र पैसे पाठवतो. करारात आणि इन्व्हॉइसवर ज्याचं नाव नाही त्याचे पैसे आमच्यासारख्याला आधी विचारल्याशिवाय घेऊ नका. खरेदीदाराचं स्वतःचं खातं यादीत नसलेल्या बँकेत असेल, तर तिथून त्याच्याच नावाने येऊ देत. रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रुपयांत व्यवहार मिटवायला खास व्होस्ट्रो खात्यांची (म्हणजे परदेशी बँकेने आपल्याकडच्या बँकेत उघडलेल्या रुपयांतल्या खात्यांची) सोय झाली, तोही रस्ता तुमच्या बँकेला विचारा. काहीही करा, पण गप्प बसू नका. पैसे येईपर्यंत तुमचं शिपिंग बिल ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का यावर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत, उघडं दिसत राहतं, आणि त्याची विचारणा तुमच्याकडेच होते, रशियाला नाही.

---

बावखलाकाठी, वसई

द्राक्षवाली ताई, तुमची नणंद बरोबर आहे. शब्द एकच. आण्णाही फार चुकले नाहीत, फक्त त्यांनी इंग्रजांना दोष दिला. हे काम रोमन लोकांचं.

तरुणपणी तीन वर्षं सेमिनरीत होतो. पाद्री झालो नाही, लग्न करून केळी लावली. पण लॅटिन अंगाला चिकटलं ते चिकटलंच. आमच्या गावात मिस्सा मराठीत व्हायला लागली त्याला जमाना झाला, तरी ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ सुरू झालं की माझ्या ओठावर अजून ‘सांक्तुस, सांक्तुस, सांक्तुस’ येतं. तुमचं सँक्शन त्या सांक्तुसच्याच घरातलं.

लॅटिनमध्ये ‘सांकीरे’ असं क्रियापद आहे. एखादी गोष्ट पवित्र ठरवणं, तिला कोणी हात लावू नये अशी करून टाकणं. जे तसं झालं ते सांक्तुस. त्याच सांक्तुसवरून इंग्रजीत सेंट आला, पोर्तुगिजांकडून सांता आला. तुम्ही लोकलने सांताक्रूझला उतरता तेव्हा पाटीवर जो पवित्र क्रूस असतो, त्यातला ‘सांता’ आणि बँकेच्या पत्रातलं ‘सँक्शन’ चुलत भावंडं आहेत. हे ऐकल्यावर आमच्या शेजाऱ्याने स्वतःचं गृहकर्जाचं पत्र फ्रेम करायचं ठरवलं होतं, त्याच्या बायकोने थांबवलं.

आता पवित्र म्हणजे काय, यात खरी मेख आहे. आपण पवित्र म्हटलं की फुलं आणि मेणबत्त्या डोळ्यांसमोर येतात. रोमन माणसाच्या डोळ्यांसमोर तलवार यायची. सम्राट जस्टिनियनच्या काळात, ५३३ साली, कायदा शिकणाऱ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार झालं. त्यात सरळ लिहिलंय की शहराच्या भिंती आणि वेशी ‘सांक्ते’ आहेत. का, तर भिंतीशी आगळीक करणाऱ्याला देहदंड ठरलेला आहे. आणि लगेच पुढच्या वाक्यात: म्हणूनच कायद्याच्या ज्या भागात आपण मोडणाऱ्याची शिक्षा ठरवतो, त्या भागाला ‘सांक्तिओ’ म्हणतात. भिंतीवरून उडी मारली म्हणून रेमसला, रोम वसवणाऱ्या रोम्युलसच्या भावाला, जीव गमवावा लागला, ही रोमच्या स्थापनेची गोष्ट त्यांचे कायदेपंडितही याच संदर्भात आठवतात.

म्हणजे कायदा हा एक कागद धरा. वरच्या भागात ‘असं असावं’ हे ठरवलंय, खालच्या भागात ‘न केलं तर हे भोगावं लागेल’. सांक्तिओ त्या खालच्या भागाचं नाव. पण त्या भागामुळेच तर वरचा भाग पक्का होतो. म्हणून पक्कं करणं आणि धाक घालणं या दोन गोष्टी नव्हत्याच, एकाच खिळ्याचं टोक आणि डोकं होतं.

इंग्रजीत शब्द आला पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास. तेव्हा अर्थ होता कायदा पक्का करणं, त्यावर शिक्का उठवणं. सतराव्या शतकात कायदा पाळला जावा म्हणून ठेवलेला दंड, किंवा बक्षीससुद्धा, असा अर्थ दिसतो. हो, बक्षीसही. अठराव्या शतकात कायद्याचा संबंध सैल होत गेला आणि नुसती ‘वरच्याची मान्यता’ उरली. क्रियापद म्हणून मंजूर करणं हा अर्थ त्याच शतकातला. आण्णांची मंजुरी ती हीच. यांच्या मधलाही एक अर्थ युरोपच्या इतिहासात गोठून राहिलाय. १७१३ साली ऑस्ट्रियाच्या सम्राट सहाव्या चार्ल्सने मुलीलाही गादी मिळावी म्हणून फर्मान काढलं, त्याला ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ म्हणतात. तिथे ना मंजुरी मागितलेली ना दंड ठोठावलेला, नुसतं ‘असं ठरलं’. त्या ठरण्याचा लाभ पुढे त्याच्या मुलीला, मारिया तेरेझाला, झाला.

रशियन बँकेवाला अर्थ मात्र तरणा आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ झाला. करार मोडणाऱ्या देशाला सगळ्यांनी मिळून वठणीवर आणायचं, लढाई न करता, व्यापार तोडून, ही त्यामागची कल्पना. इटलीने अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चाल केली तेव्हा १८ नोव्हेंबर १९३५ पासून इटलीवर असे निर्बंध लागू झाले. तेल तेवढं यादीत घातलं नाही, आणि मुसोलिनीचे रणगाडे चालत राहिले. पुढच्या जुलैत निर्बंध उठवलेही. पण वर्तमानपत्रांमुळे ‘सँक्शन्स’ हा शब्द जगभर पोचला तो असा. आणि एखाद्याला ‘सँक्शन करणं’ म्हणजे त्याच्यावर निर्बंध घालणं, हे क्रियापद तर विसाव्या शतकाच्या मध्यावरचं, म्हणजे साधारण माझ्या वयाचं. जुन्या वळणाच्या इंग्रजी मास्तरांना ते अजून खपत नाही.

तेव्हा मूळ एक, फांद्या दोन. मंजुरीची फांदी वर गेली, शिक्षेची खाली लोंबत राहिली, आणि शंभर वर्षांपूर्वी तिला अचानक फळं धरली.

तर्रीभाऊ, सनद अरबी आहे. टेकू, आधार हा तिचा मूळ अर्थ, फारसीतून आपल्याकडे आली. सँक्शनशी तिचं नातं नाही, दोघींच्या कपाळी सरकारी शिक्का आहे एवढंच साम्य.

जाता जाता एक. चर्चच्या जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर मंजुरीचे शब्द असतात, ‘निहिल ऑब्स्टॅट’. अर्थ: काहीही आडवं येत नाही. मी पहिल्यांदा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हातात घेतला तेव्हा उभ्याउभ्या हसलो होतो. तिथल्या शिपायाला वाटलं उन्हाने झालं.

---

सातारी तर्री

बरं बरं, सनद परत घेतो. पण वकिलाची.

---

आवक-जावक

वसईकरांनी रोमची आवक केली, मी जिल्हा परिषदेची जावक करतो. तेहतीस वर्षं लेखा आणि बांधकाम विभागात टेबलं बदलत काढली. सँक्शन हा शब्द मी दिवसाला चाळीस वेळा लिहिला असेन, मराठीत आणि इंग्रजीत, बहुतेक वेळा कार्बन कागदावर.

पहिली गोष्ट, आमच्या खात्यात या शब्दाला सवत आहे. रस्त्याचं काम निघालं की आधी ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह अप्रूव्हल’, मग ‘टेक्निकल सँक्शन’. पहिल्याचा अर्थ, हे काम करायला आणि एवढा पैसा लावायला सरकारची तयारी आहे. दुसऱ्याचा अर्थ, अंदाजपत्रक अभियंत्याने तपासलंय, खडी-डांबराचा हिशेब जुळतोय. इंग्रजीत दोन वेगळे शब्द, मराठीत आम्ही दोन्हीला ‘मान्यता’ म्हणून मोकळे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता. नवीन सरपंच पहिली मिळाली की गावात फटाके लावायचे आणि जेसीबी कधी येतो विचारायला दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलाशी हजर. मी म्हणायचो, अजून सँक्शन व्हायचंय. ते म्हणायचे, अहो कालच झालं ना. भांडण तुमच्या चहाच्या वेळेसारखंच, फक्त चहा माझ्या खर्चाने.

दुसरी गोष्ट ‘मंजूर’ची. वीज बिलावर ‘मंजूर भार’ असतो, तो बघा. हा शब्द अरबी. ‘नजर’ ज्या धातूतून आली त्याच धातूतून ‘मंजूर’ आला. शब्दशः अर्थ पाहिलेलं, नजरेखालून गेलेलं. कोर्टातला नाझरही त्याच मंडळींतला. म्हणजे मूळ हिशेबाने साहेबाने पाहिलं की मंजूर. आता गंमत ऐका. आमचे एक साहेब होते, नाव नको, ते कोणत्याही अडचणीच्या फायलीवर समासात एकच शब्द लिहायचे: ‘पाहिले.’ खाली सही. ना होय, ना नाही. अरबीने पाहिलं तर ती फाईल मंजूर, आणि आमच्या लेखापालाने पाहिलं तर परत. एका पाझर तलावाच्या बिलावर असे चार ‘पाहिले’ जमले होते. ठेकेदार विचारायचा, सगळ्यांनी पाहिलं, मग दिसलं कोणालाच कसं नाही?

तिसरी गोष्ट, ताईंनी मागितलेला मराठीतला दुतोंडी शब्द. तो माझ्या पगारपत्रकावरच होता. शासन.

‘महाराष्ट्र शासन’ म्हणजे सरकार. ‘शासन निर्णय’ म्हणजे जीआर, ज्याने मंजुरी मिळते. आणि ‘त्याला चांगलं शासन झालं पाहिजे’ म्हणजे शिक्षा. संस्कृतात ‘शास्’ म्हणजे शिकवणं, आज्ञा करणं, दंड करणं, तिन्ही. ‘शिक्षा’चीही तीच गत. संस्कृतात शिकणं, मराठीत छडी. शिक्षण मात्र अजून शाळेत राहिलं.

आणि अजून मागे गेलात तर ‘शासन’चा अर्थ चक्क दानपत्र. जुन्या राजांनी जमीन इनाम दिली की तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायचे, त्याला ताम्रशासन म्हणत. म्हणजे अस्सल सँक्शन लेटर, तेही वाळवी न लागणारं. त्या पत्र्याच्या शेवटी काय असतं? शाप. ‘स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम्’ हा श्लोक ठिकठिकाणी आढळतो. आपण दिलेली असो की दुसऱ्याने, दिलेली जमीन जो परत हिसकावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. वसईकर, हा तुमचा सांक्तिओच की! वर मंजुरी, खाली दंड. फरक इतकाच की रोमन मान उडवायचे, आमच्याकडे पुढच्या जन्माचं वेळापत्रक हातात द्यायचे.

सगळ्यांना संस्कृत वाचता येत नसे, त्यांच्यासाठी कोकणात आणि घाटावरही गद्धेगळ उभे केलेले आहेत. उभा दगड. वर चंद्र-सूर्य कोरलेले, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालेल. मध्ये लेख. खाली गाढवाचं चित्र आणि दान मोडणाऱ्याच्या आईबद्दलची शिवी, जी मी इथे लिहीत नाही. निरक्षर माणूससुद्धा तो दगड बघून समजायचा की इथे हात लावायचा नाही. मी निवृत्त झाल्यावर असे तीन-चार पाहून आलो. आमच्या शासन निर्णयांच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असतं. गाढव असतं तर अंमलबजावणी बरी झाली असती, असं माझं वैयक्तिक मत.

सनदवाल्यांसारखं मी म्हणणार नाही की रोमनांनी आपलं उचललं किंवा आपण त्यांचं. दोन्हीकडच्या राजांना माणसांची ओळख सारखीच झाली होती, बस.

---

काळा डगला, लातूर

आवक-जावकांनी माझ्या तोंडचा घास काढला, तरी एक भर घालते. मंजुरी आणि शिक्षा हे दोन्ही अर्थ एका टेबलावर बसलेले बघायचे असतील तर कोर्टात या.

लाच घेताना पकडलेल्या सरकारी नोकरावर खटला चालवायचा असेल तर १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आधी ‘सँक्शन’ लागतं. सेवेत असताना कर्तव्य म्हणून केलेल्या कृत्याबद्दल खटला असेल तर पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं २१८ आहे. त्यात आता १२० दिवसांची मुदत घातलीय. तेवढ्यात सरकारने निर्णय घेतला नाही तर सँक्शन मिळालं असं धरायचं. म्हणजे बघा, शिक्षेकडे नेणाऱ्या वाटेवरचा पहिला फाटकच मंजुरीचा. बातमी येते ‘खटल्याला मंजुरी’, आणि आरोपीच्या घरात ती वाचताना कोणी पेढे आणत नाही.

मकोकात, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, तर अप्रूव्हल आणि सँक्शन यांची वेगवेगळी पायरी आहे. १९९९ च्या त्या कायद्याचं कलम २३ काढा. गुन्ह्याची माहिती नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचं ‘अप्रूव्हल’, आणि कोर्टाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याचं ‘सँक्शन’. जिल्हा परिषदेच्या रस्त्यासारखंच, आधी सवत, मग ही. यातलं एक जरी गडबडलं तरी बचावाचा वकील खूश. मी बहुतेक वेळा त्या बाजूला असते.

एलएलबीच्या पहिल्या वर्षाला जॉन ऑस्टिन हा इंग्रज कायदेपंडित शिकवतात. त्याची १८३२ साली छापलेली व्याख्यानं. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि आज्ञेमागे सँक्शन हवं. तिथे सँक्शन म्हणजे भोगावं लागणारं वाईट फळ. आमच्या वर्गातल्या एकाने परीक्षेत लिहिलं होतं, ‘ऑस्टिनच्या मते प्रत्येक कायद्याला मंजुरी आवश्यक असते.’ मराठी माध्यमातून आलेला हुशार पोरगा, त्याच्या डोक्यात आण्णांचंच सँक्शन होतं. मास्तरांनी मार्क कापले. मला तेव्हाही ते उत्तर पूर्ण चूक वाटलं नव्हतं.

---

मिरजेची मावशी

एवढं लांब कशाला जाताय, स्वयंपाकघरात या की. बांगडी ‘वाढवली’ म्हणजे काय? वाढली का ती? फुटली! नारळ वाढवतात म्हणजे फोडतात. मंगळसूत्र तुटलं तरी ‘वाढलं’च म्हणायचं. आमच्या सुनेला, ती हैदराबादची, मी पहिल्या संक्रांतीला म्हटलं, अगं तुझी बांगडी वाढली. ती हात फिरवून फिरवून मोजत बसली.

---

बावखलाकाठी, वसई

मावशी, भारी. पण जात वेगळी आहे. तिथे फुटली म्हणणं अशुभ, म्हणून मुद्दाम उलटा शब्द. सँक्शनमध्ये कोणी काही झाकलेलं नाही, एकाच अर्थाच्या दोन बाजू हळूहळू लांब गेल्या. तरी आण्णांना समजवायला बांगडीच बरी, गद्धेगळ सुनेने सासऱ्यांना सांगायचा नाही.

---

द्राक्षवाली, पिंपळगाव बसवंत

सगळ्यांचे आभार. काल रात्री आण्णांना वाचून दाखवलं, शिवी वगळून. तरी त्यांनी ती ओळखली. त्यांच्या आजोळी असा दगड होता म्हणे, लहानपणी पोरं त्यावर बसून चिंचा खायची.

‘शासन’वर त्यांची मान हलली. “सरकार म्हणजेच शिक्षा, हे मला कांद्याच्या निर्यातबंदीत कळलं होतं,” म्हणाले. मग त्यांनी उलट मलाच कोड्यात टाकलं. आपण निर्बंध म्हणतो. निर्धन म्हणजे धन नसलेला, निर्दोष म्हणजे दोष नसलेला. मग निर्बंध म्हणजे बंध नसलेला व्हायला हवा, तो बांधतो कसा? आणि बंध नसेल त्याला आपण अनिर्बंध म्हणतो. मला उत्तर आलं नाही. यांनी ‘पाला-पाली’ परत काढलं, त्यांना झोपायला पाठवलं.

फॉरेक्सदादा, तुमचं भाकीत खरं ठरलं. परवा मेल आला की दुबईहून कोणीतरी पाठवेल. मी कळवलं की करारात ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यातून घेऊ, आणि मेलची प्रत आमच्या बँकेला दिली. त्यांचं दुसऱ्या एका बँकेत खातं आहे, तिचं नाव आमची बँक तपासतेय. व्होस्ट्रोचं विचारल्यावर मॅनेजर म्हणाले, वर विचारतो. मेलमध्ये मी सँक्शन हा शब्द कुठेच वापरला नाही. ‘ब्लॉक्ड’ आणि ‘अप्रूव्ड’ असं सुटं लिहिलं.

---

फॉरेक्सचा हमाल

उत्तम. बँकेकडून ‘तपासलं, हरकत नाही’ हे लेखी घ्या. ‘पाहिले’ चालणार नाही.

---

आवक-जावक

निर्बंधाचा निर् इथे ‘नसलेला’ नाही, ‘पक्का, पुरता’ या अंगाने येतो, जसा निर्णय किंवा निर्धार. आण्णांना सांगा, शंका एकदम रास्त होती. आणि थॉमसनला यंदा भाव काय लागला तेही सांगा, इथे शब्दांचं झालं, द्राक्षांचं कोणी विचारलंच नाही.

---

द्राक्षवाली, पिंपळगाव बसवंत

पहिल्या कंटेनरचा बरा लागला. दुसऱ्याचा पैसे आल्यावर सांगते.